दारावरच्या पाटीवर तिचंही नाव हवं

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, तेव्हा वर्तमानपत्रांत मोठमोठे मथळे आले होते. दहा हजार कुशल तरुणांना तिकडे नोकऱ्या मिळणार, त्यांना जर्मन भाषा शिकवली जाणार. नर्स, ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन, सगळ्यांना मागणी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीचे तेव्हाचे चान्सेलर ओलाफ शोल्त्स दिल्लीला आले आणि कुशल भारतीयांसाठीचे व्हिसा वर्षाला वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याची घोषणा झाली. घोषणा आणि प्रत्यक्ष नोकरी यांत किती अंतर असतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पण करार नव्हता तेव्हाही आपली मुलं जातच होती. मर्सिडीज आणि बॉश या दोन्ही कंपन्या मूळच्या त्या राज्याची राजधानी असलेल्या श्टुटगार्ट शहराच्या. एकीचा कारखाना आपल्या चाकणला, दुसरीचा नाशिकला. त्यामुळे चाकणचा इंजिनीयर श्टुटगार्टला जाणं ही आता काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

या सगळ्या हिशेबात एक माणूस मोजलेलंच नाही. त्या इंजिनीयरची बायको.

आमच्या महिला मंडळात येणाऱ्या आयांशी बोलताना हे फार जाणवतं. मुलगी बी.ए. बी.एड. किंवा एम.कॉम., लग्न झालं, सहा महिन्यांत व्हिसा आला आणि गेली. "तिकडे काय ताई, सगळं मशीनवर होतं, आराम आहे," असं सांगतात. आराम कसला हो! नवऱ्याला पहिल्या दिवसापासून ऑफिस असतं, ऑफिसात इंग्रजी चालतं, बरोबरीचे लोक असतात. तिला मात्र सकाळी आठ वाजता दार लागलं की चार भिंती आणि खिडकीबाहेरचं परकं गाव. त्यातून डिसेंबरात गेली असेल तर दुपारी साडेचारला अंधार.

जर्मनीचा ब्ल्यू कार्ड नावाचा परवाना उच्चशिक्षित नोकरदारांना मिळतो. त्यांच्या पत्नीला व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि तिथे पोचल्यापासून नोकरी करायची परवानगी असते. दोन्ही सवलती चांगल्याच. पण माझ्या मते पहिली सवलत आपल्या मुलींना महागात पडते. परीक्षा नाही म्हणून भाषा शिकली जात नाही आणि भाषा नाही म्हणून दुसऱ्या सवलतीचा उपयोग होत नाही. नोकरीची परवानगी पासपोर्टबरोबर कपाटात पडून राहते. लग्न ठरल्यापासून व्हिसा येईपर्यंतचे चार-सहा महिने साड्या आणि लोणची यांतच जातात. त्यातला रोजचा एक तास जर्मनला दिला तरी प्राथमिक पातळी सहज होते. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, आता घरबसल्या ऑनलाइन वर्गही आहेत. (लोणचं न्यावंच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.)

तिथे गेल्यावर पहिलं काम म्हणजे पत्त्याची नोंदणी. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात जाऊन ती करायची, घरमालकाचं पत्र बरोबर लागतं. यावर बँक खातं, कर क्रमांक, राहण्याचा परवाना असं सगळं पुढचं अवलंबून असतं. आणि इथेच एक बारीकशी गोष्ट आहे, जी कोणी सांगत नाही. तिकडच्या इमारतींत बहुतेक ठिकाणी फ्लॅटला नंबरच नसतो. घंटेवर आणि टपालपेटीवर आडनाव असतं, पोस्टमन ते बघून पत्र टाकतो. आपल्याकडे आता पुष्कळ मुलींच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असतं. पाटीवर फक्त नवऱ्याचं आडनाव असलं तर तिच्या नावाचं पत्र परत जातं. तिथला सरकारी कारभार अजूनही पत्रांवर चालतो. भेटीची तारीख, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, सगळं टपालाने. तेव्हा पाटीवर तिचंही आडनाव पहिल्याच दिवशी लावून घ्यायचं.

विम्याचं म्हणाल तर नवरा सरकारमान्य आरोग्य विमा योजनेत असेल आणि पत्नी कमावत नसेल, तर तिचा विमा त्याच हप्त्यात, जादा पैसे न भरता होतो. बाळंतपण झालं तर सुईण घरी येऊन बाळाला आणि बाळंतिणीला बघून जाते, तेही विम्यातच. सहा महिने आईला बोलावण्याची खटपट करण्याआधी हे माहीत असलेलं बरं. मूल एक वर्षाचं झालं की पाळणाघरात जागा मिळणं हा ऑगस्ट २०१३ पासून तिथे कायदेशीर हक्क आहे. अर्थात हक्क असला तरी जागांची टंचाई आहे, म्हणून पोट दिसायला लागल्यापासूनच नाव घालतात.

आता शहराबद्दल. श्टुटगार्ट हे डोंगरांच्या वाटीत वसलेलं गाव आहे. उतारावर द्राक्षमळे, अगदी शहरात. डोंगर चढायला जुने दगडी जिने आहेत, चारशेहून जास्त. मारियनप्लात्स चौकातून डेगरलोखपर्यंत दातेरी चाकांची रेल्वे चढते, ती १८८४ पासूनची. १९१४ साली बांधलेली झाकलेली मंडई आहे. भाज्या, फळं, मसाल्यांचे गाळे. बघायला छान, घ्यायला महाग. २०११ साली उघडलेलं मोठं पांढरंशुभ्र ग्रंथालय आहे, आत जाऊन बसायला पैसे पडत नाहीत. माझ्या ओळखीची एक मुलगी पहिला हिवाळा तिथेच काढला असं सांगते. घरात एकटीने बसण्यापेक्षा तिथे चार माणसांत बसायचं, मुलांची चित्रांची पुस्तकं वाचायची. भाषा तिथूनच सुरू झाली, असं तिचं म्हणणं.

फिरायला पास असतो. संपूर्ण देशात लोकल गाड्या, बस, ट्राम यांना चालणारा मासिक पास मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झाला, २०२५ साली ५८ झाला आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो. बऱ्याच घरांत नवऱ्याचाच पास काढतात, "तू कुठे रोज जातेस" म्हणून. हे चुकीचं आहे. पास नाही म्हणून ती जात नाही, आणि जात नाही म्हणून पास नाही. स्टेशनवर फाटक वगैरे नसतं, पण तपासनीस आला आणि तिकीट नसलं तर ६० युरो दंड.

शेजारधर्मही वेगळा. श्टुटगार्टच्या भागात 'केरवोखे' म्हणजे झाडलोटीचा आठवडा पाळतात. ज्या घराची पाळी असेल त्याच्या दारावर पाटी लटकते, त्या आठवड्यात जिना आणि अंगण त्यांनी झाडायचं. रविवारी दुकानं बंद, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, मिक्सरही जपून. ओला कचरा वेगळा, वेष्टनं वेगळी, कागद वेगळा. पाण्याच्या रिकाम्या बाटलीला २५ सेंट परत मिळतात, म्हणजे आपल्या रद्दीवाल्यासारखंच! हे नियम सुरुवातीला जाचक वाटतात. पण जिना नीट झाडला की समोरची आजी आपणहून बोलायला लागते, असा अनुभव दोघी-तिघींनी सांगितला. मराठी मंडळी गणपतीला भेटतात, तो आधार मोठा आहे. तरी सगळं जग तेवढंच ठेवलं तर शहर परकंच राहतं.

थोडं कटू बोलते. सगळीच लग्नं सुखाची नसतात. परदेशी गेलेल्या विवाहांतल्या तक्रारींसाठी आपल्या राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून वेगळा कक्ष आहे, त्याला कारण आहेच. जर्मनीत पत्नीचा राहण्याचा परवाना सुरुवातीला नवऱ्यावर अवलंबून असतो. तीन वर्षं तिथे एकत्र संसार झाला असेल तर वेगळं झाल्यावरही तिला स्वतःच्या हक्काने राहता येतं. मारहाणीसारख्या प्रकरणात ही तीन वर्षांची अट शिथिल होऊ शकते. "तुला परत पाठवून देईन" या धमकीला घाबरणाऱ्या मुलीला हे ठाऊक नसतं. ११६ ०१६ हा तिथला महिलांसाठीचा चोवीस तास चालणारा फोन, मोफत, नाव न सांगता, इंग्रजीतूनही बोलता येतं. पासपोर्ट तिच्याच ताब्यात हवा, बँक खात्यावर तिचं नाव हवं आणि पदवीची प्रमाणपत्रं इथूनच बरोबर न्यायला हवीत.

मागच्या बैठकीत एका आईने विचारलं, "मग आम्ही रोज व्हिडिओ कॉल करतो ते चांगलं की वाईट?" मी म्हटलं, करा की. फक्त तिच्या दुपारी नको. ती वेळ तिची बाहेर पडायची आहे.