मोरोपंतांची बारामती : अभिमान आणि वाचन

आपल्या संस्कृतीचा अभिमान बाळगणे आणि तिचे जतन करणे या दोन क्रिया एकच आहेत, असे बहुधा गृहीत धरले जाते. बारामती आणि इंदापूर या पुणे जिल्ह्यातील लगतच्या दोन तालुक्यांचा विचार केला, तर हे गृहीतक फारसे टिकत नाही. 'मोरोपंतांची बारामती' हा शब्दप्रयोग भाषणांतून, स्मरणिकांतून आणि स्वागतपर लेखांतून इतका रुळला आहे की, तो उच्चारताना मोरोपंतांची एखादी आर्या आठवावी अशी अपेक्षाही आता कोणी बाळगत नाही. कवीचे नाव गावाचे भूषण झाले. कविता मात्र मागे राहिली. मराठीच्या अध्यापकांनी या वस्तुस्थितीकडे केवळ हळहळीच्या सुरात पाहून भागणार नाही, कारण ही कविता वाचता येणारा वर्ग शिल्लक ठेवण्याची जबाबदारी आज जवळजवळ त्यांच्यावरच येऊन पडली आहे.

मोरो रामजी पराडकर (1729–1794) यांचा जन्म पन्हाळ्याचा. काव्यशास्त्राचे त्यांचे अध्ययनही तेथेच केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये यांच्यापाशी झाले. त्यांचे कर्तृत्व मात्र कऱ्हाकाठी, बाबूजी नाईक यांच्या आश्रयाने फुलले. बाजीरावांच्या निधनानंतर 1740 मध्ये पेशवेपदावर हक्क सांगण्याइतके वजन असलेल्या या सावकार-सरदाराच्या वाड्यात पुराण सांगणारा हा पंडित आयुष्याची चार दशके संस्कृत महाकाव्ये मराठीत आणीत राहिला. सुमारे सतरा हजार आर्यांचे 'आर्याभारत', परंपरेने अष्टोत्तरशत म्हटली जाणारी रामायणे, 'कृष्णविजय', 'मंत्रभागवत' आणि उतारवयातील 'केकावली' हा विस्तार पाहून दडपून जाणे स्वाभाविक आहे. रामायणांतील काही तर निव्वळ पैजा वाटाव्यात अशी आहेत. 'निरोष्ठ रामायण' हे ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून रचलेले. म्हणजे रामाची कथा सांगायची, पण त्या नियमाने 'राम' हे नाव मात्र उच्चारायचे नाही! याला भक्ती म्हणावे की कसरत, हा प्रश्न रास्त आहे. परंतु तो प्रश्न विचारण्याचा अधिकार वाचणाऱ्याला असतो, नुसता अभिमान बाळगणाऱ्याला नव्हे.

एकोणिसाव्या शतकाने या कवीविषयीचा अभिमान कसा व्यक्त केला, हे या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. परशुरामपंत गोडबोले यांनी 1854 मध्ये 'नवनीत' सिद्ध करताना मोरोपंतांचे वेचे निवडले आणि ते विद्यार्थ्यांच्या हाती दिले. दादोबा पांडुरंग यांनी 1865 मध्ये 'केकावली'वर 'यशोदा पांडुरंगी' ही टीका लिहिली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 मध्ये सुरू केलेल्या 'निबंधमाले'तून मोरोपंतांच्या कवितेची विस्तृत चर्चा केली, आणि ल. रा. पांगारकरांचा चरित्र व काव्यविवेचन एकत्र करणारा ग्रंथ 1908 मध्ये आला. यांतील दादोबांचे उदाहरण विशेष बोलके आहे. मराठी भाषेचे व्याकरण लिहिणारे आणि परमहंस सभेच्या जातिभेदविरोधी व मूर्तिपूजाविरोधी विचारांशी निकटचा संबंध असलेले हे सुधारक, एका पौराणिक वळणाच्या भक्तिकाव्याचा पदच्छेद, अन्वय आणि अर्थ लावीत बसले. मोरोपंतांचे सारे मत मान्य असावे लागते असे त्यांना वाटले नाही. मराठीत लिहिले गेलेले काही दुर्बोध राहू नये, एवढे त्यांना वाटले. चिपळूणकरांचा अभिमान अधिक आक्रमक, प्रसंगी एकांगीही होता. तथापि तोही ग्रंथ उघडून केलेला अभिमान होता. त्या काळी अभिमान म्हणजे निवड, टीका, पाठशुद्धी आणि छपाई असे काम होते. आज तो बव्हंशी नाव देण्यापुरता उरला आहे.

मोरोपंतांची कविता क्लिष्ट, संस्कृतप्रचुर आणि यमकासाठी शब्दांची ओढाताण करणारी आहे, हा आक्षेप जुना असून त्यात तथ्यही आहे. एका सावकाराच्या वाड्यातील पंडित कवीचा आदर सर्व समाजाने का करावा, हा नंतरच्या काळातील प्रश्नही टाळता येण्याजोगा नाही. मात्र या दोन्ही आक्षेपांना आधारभूत असलेले वाचन बहुतेक वेळा पाठ्यपुस्तकातील पाच-दहा आर्यांपलीकडे गेलेले नसते. शिवाय ते डोळ्यांनी केलेले वाचन असते. मोरोपंत ज्या छंदाला आर्या म्हणतात तो बहुतांशी गीती आहे: शास्त्रोक्त आर्येच्या पूर्वार्धात 30 आणि उत्तरार्धात 27 मात्रा, तर गीतीच्या दोन्ही अर्धांत 30. बारा मात्रांनंतरचा थांबा आणि पुढील अठरा मात्रांची धाव कानावर पडल्यावाचून ही रचना मराठी कीर्तनात इतकी का मुरली, हे उमगत नाही. नारदीय कीर्तनकारांनी आख्यान रंगवताना या आर्या वापरल्या आणि अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यांपर्यंत नेल्या. 'केकावली'तील सुसंगतीची याचना करणारा श्लोक शाळांच्या प्रार्थनेत पिढ्यान्‌पिढ्या म्हटला गेला. 'दुर्बोध' कवीचा हा प्रसार कसा घडला, याचे उत्तर वर्गात मूकवाचनाने मिळणार नाही.

वाचनावाचून बाळगलेला अभिमान आपला विषय आकुंचित करतो, ही त्याची दुसरी आणि अधिक गंभीर बाजू होय. मोरोपंत म्हणजे पेशवाईतील एक सनातनी पुराणिक, एवढीच प्रतिमा ज्याच्या मनात आहे त्याने 'सन्मणिमाला' पाहावी. संतांच्या नामावळीने गुंफलेल्या या रचनेत शेख महंमदांनाही आदराचे स्थान आहे. 'योगसंग्राम' लिहिणारे हे श्रीगोंद्याचे मुसलमान संतकवी, आणि त्यांना वंदन करणारा हा बारामतीचा कऱ्हाडे ब्राह्मण पंडित! याच शेख महंमदांना गुरुस्थानी मानून मालोजीराजे भोसले यांनी श्रीगोंद्यात मठ बांधून दिला, अशी परंपरा आहे. आपल्या पुत्रांची शहाजी आणि शरीफजी ही नावे मालोजींनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरावरून ठेवली, असेही परंपरा सांगते. ते मालोजीराजे 'शिवभारता'तील वृत्तान्तानुसार लढताना पडले ते इंदापुरी. म्हणजे बारामतीच्या कवीची एक आर्या आणि इंदापूरच्या मातीत पडलेला वीर यांच्यामधला दुवा श्रीगोंद्याच्या मठातून जातो. शिवछत्रपतींच्या आजोबांचा अभिमान इंदापूरला आहे आणि तो असणे योग्यच आहे. परंतु या दुव्यासह असलेला अभिमान आणि तो गाळून केलेला अभिमान या एकाच गोष्टी नव्हेत. पूजेची वस्तू एकरंगी करून घेणाऱ्यांना 'सन्मणिमाला' गैरसोयीची ठरेल, आणि म्हणूनच ती वाचली जाणे अगत्याचे आहे.

याच भूमीत जतनाची एक वेगळी रीतही नांदते. नारायण महाराजांनी 1685 मध्ये सुरू केलेला तुकोबांचा पालखी सोहळा दरवर्षी बारामतीवरून इंदापूरकडे जातो. काटेवाडीत परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतो, तेथेच मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे बेलवाडीला गोल रिंगण. आपण संस्कृतिरक्षण करीत आहोत, अशी घोषणा येथे कोणी करीत नाही. ज्याचे जे काम ते तो त्या दिवशी करतो, आणि अभंग चालता चालता मुखोद्गत होत जातात. अर्थात वारीचे कौतुक करून पंडिती कवितेला नाक मुरडणे, ही तुलना उथळ होईल. तुकोबांना दिंडी आहे. मोरोपंतांना पुराण होते, कीर्तन होते. त्या दोन्ही संस्था क्षीण झाल्यावर उरला तो वर्ग. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय 1962 पासून बारामतीत आहे. इंदापुरातही महाविद्यालयीन शिक्षणाची सोय झाली. ऊस, दूध आणि उद्योग यांच्या बळावर या तालुक्यांत शिक्षण पोचले, याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. या शिक्षणानेच मोरोपंतांच्या वाड्याबाहेरची मुले मराठीच्या वर्गात आणली. त्या मुलांना ही कविता आपली वाटावी की नाही, हे त्यांनी ठरवायचे आहे. पण ती त्यांच्यापुढे आलीच पाहिजे.

इंदापूर तालुक्यातच पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन मंदिर उजनीच्या जलाशयात बुडालेले आहे. 1980 मध्ये धरण पूर्ण झाले. गाव वर सरकले, मंदिर पाण्यात राहिले. 2024 च्या उन्हाळ्यासारखा दुष्काळ पडला की ते उघडे पडते, छायाचित्रे निघतात आणि पाऊस लागला की विषय संपतो. दगडाला निदान ही वाट पाहण्याची सवलत आहे. छंदाचे तसे नाही: गीती म्हणू शकणारे शेवटचे कीर्तनकार गेल्यानंतर छापील पानावरून ती चाल परत मिळवणे कठीण.

म्हणून पदव्युत्तर विभागांपुढील काम तसे साधे आहे. आर्या म्हणणाऱ्या जुन्या कीर्तनकारांचे ध्वनिमुद्रण परिसरातील विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. 'आर्याभारता'तील एखादे पर्व दादोबांच्या धर्तीवर, पण आजच्या मराठीत, अन्वयार्थासह सिद्ध करणे हा एखाद्या लघुप्रबंधाचा उत्तम विषय आहे. मोरोपंतांवर पुन्हा 'जीवन आणि कार्य' लिहिण्यापेक्षा तो कितीतरी उपयुक्त ठरेल. आणि 'सन्मणिमाले'तील शेख महंमदांविषयीची रचना व 'योगसंग्रामा'तील एक उतारा एकाच तासाला शेजारी ठेवून मोठ्याने वाचायचा झाला, तर त्यासाठी अभ्यासमंडळाच्या मंजुरीचीही वाट पाहावी लागत नाही.