मार्चअखेर

बँकेत असेतो मार्च महिना मी लेजरांतूनच पाहिला. वडील म्हणत, ‘‘एक दिवस चल वानखेडेवर, रणजीचा सामना बघू.’’ मी म्हणे, ‘‘क्लोजिंग उरकू दे, अण्णा.’’ क्लोजिंग दरवर्षी उरकलं. अण्णांबरोबर जाणं मात्र राहिलं ते राहिलंच.

२०२४च्या मार्चमध्ये मुलाकडे ॲरिझोनात होतो. अमेरिकेतल्या बड्या बेसबॉल संघांपैकी १५ संघ हंगामापूर्वीच्या सरावासाठी फीनिक्सच्या परिसरात उतरतात, उरलेले १५ फ्लॉरिडात. मुलानं रजा टाकली आणि मला मेसा शहरातल्या स्लोन पार्कवर नेलं. शिकागो कब्ज संघाचं हे २०१४ साली उघडलेलं मैदान. सीमेपलीकडच्या हिरवळीच्या उतारावर आम्ही चादर अंथरली.

गंमत अशी, की या सामन्यांतली हारजीत मुख्य हंगामाच्या हिशेबात धरतच नाहीत. नामांकित खेळाडू काही डाव खेळून निघून जातात. मग संघात जागा मिळावी म्हणून धडपडणारी पोरं उतरतात. अशाच एकाच्या हातून झेल सुटला. मुलगा हळहळला, ‘‘बाबा, याची नोकरी याच महिन्यात ठरायचीय.’’

मला माझी नोकरी आठवली. जे खात्यात मांडता येईल तेवढंच मी जन्मभर जमेस धरलं. आणि आज मुलाशेजारी बसून, कुठल्याच खात्यात न जाणारा खेळ मी शेवटच्या डावापर्यंत पाहत होतो. अण्णा काय मागत होते, ते तेव्हा उमगलं.

वाचकहो, तुमच्याही घरी कुणी ‘एक दिवस चल’ म्हणत असेल. मार्च उलटायची वाट पाहू नका.