वाल्याची बायको आणि आपण

खुनाची बातमी वर्तमानपत्रात आली की राजवाड्याभोवतीच्या आपल्या जुन्या घरांतून जी चर्चा होते तिचा क्रम ठरलेला आहे. प्रथम मेलेल्याबद्दल हळहळ, मग मारणाऱ्याच्या घराण्याची चौकशी, आणि चहाचा दुसरा कप येईपर्यंत कोणीतरी म्हणतेच, "अहो, पण बायकोला कळले कसे नाही? एका छपराखाली राहायची ना!" या प्रश्नाला उत्तर अपेक्षित नसते; प्रश्न विचारला की निकाल लागलेलाच असतो. आडा बाजारात, बक्षी गल्लीत, लग्नाच्या पंगतीत मी तो इतक्या वेळा ऐकला आहे, आणि तो इतक्या सहजपणे विचारला जातो, की एकदा शांतपणे त्याची तपासणी करावी असे मला वाटते.

आपल्याकडे या प्रश्नाचे सर्वांत जुने आणि सर्वांच्या ओळखीचे रूप म्हणजे वाल्या कोळ्याची कथा. वाल्मीकीच्या स्वतःच्या रामायणात ती नाही. अध्यात्म रामायणाने ती सांगितली आणि कीर्तनकारांनी घरोघर पोचवली. वाटमाऱ्या करणारा वाल्या प्रत्येक हत्येमागे एक खडा रांजणात टाकतो. असे सात रांजण भरतात. नारद त्याला विचारतात, "ज्यांच्यासाठी हे करतोस ते तुझ्या पापाचे वाटेकरी होतील काय?" वाल्या घरी जाऊन विचारतो आणि बायकामुले स्वच्छ सांगतात की आम्हांला पोसणे हे तुझे काम, ते तू कसे करतोस त्याचे पाप तुझे. येथे कीर्तनकार थांबतो आणि श्रोते त्या बायकोवर हसतात. खायला पुढे आणि भोगायला मागे!

मला मात्र त्या बाईचे उत्तर तुच्छ वाटत नाही. ती खरे बोलली, आणि तिच्या खऱ्या बोलण्यानेच वाल्याचे डोळे उघडले. नारदाने प्रश्न दिला. उत्तर घरातून आले. "अहो, तुमचे ते माझे" असे ती लाडाने म्हणाली असती तर आठवा रांजण भरला असता. पण एक गोष्ट कथा सांगत नाही. ते रांजण होते कुठे? रानात असतील तर बाईला काही ठाऊक नव्हते म्हणता येईल. घरात असतील तर रोज त्यांच्यावरून तिचा केर निघत होता. पापाचा वाटा कोणाला घेता येत नाही हे खरे. पण माहितीचा वाटा न मागताही पदरात पडतो. आपल्या प्रश्नाची सगळी अडचण या दोन वाट्यांची गल्लत करण्यात आहे.

नवल असे की कायद्याने ही गल्लत टाळली आहे. गुन्हेगाराला आसरा देणे हा १८६० च्या दंडविधानाप्रमाणे गुन्हा. पण बायकोने नवऱ्याला किंवा नवऱ्याने बायकोला आसरा दिला तर ते कलम लागू नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही हा अपवाद राखला. नवराबायकोने एकमेकांना विश्वासाने सांगितलेली गोष्ट न्यायालयात वदवून घेता येत नाही, हेही १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यापासून चालत आलेले आहे. मात्र ऐकलेले निराळे आणि पाहिलेले निराळे. उत्तर प्रदेशातल्या राम भरोसे खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे हाच मुद्दा आला. खुनाच्या दिवशी अजून अंधार असताना नवरा छपरावरून उतरला, भुशाच्या कोठीत जाऊन आला आणि त्याने आंघोळ केली, हे बायकोने पाहिले होते. न्यायालय म्हणाले, त्याने तिला काय सांगितले ते पुराव्यात घेता येणार नाही. त्याने काय केले, जे तिच्या डोळ्यांना दिसले, ते घेता येईल. म्हणजे कायदाही अखेर रांजणापाशीच येऊन थांबला. नवऱ्याचे मन बायकोला ठाऊक असलेच पाहिजे, असे तो धरून चालत नाही.

आपण मात्र तसे धरून चालतो, आणि त्याचा सर्वांत मोठा दाखला आपल्या इतिहासातच आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना ठार मारले. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष ठेवला तो राघोबादादांवर; देहान्त प्रायश्चित्त सांगितले तेही त्यांनाच. हेच राघोबा १७६७ मध्ये मालेरावांच्या मागे होळकरांची दौलत घशात घालायला माळव्यात आले होते आणि अहिल्याबाईंच्या निश्चयापुढे परतले होते. त्यांची हाव आपल्या शहराला पुण्याच्या आधी कळली होती असे म्हणायला हरकत नाही. पण लोकांनी लक्षात काय ठेवले? 'ध' चा 'मा'. 'धरावे' चे 'मारावे' आनंदीबाईंनी केले, ही गोष्ट शाळकरी पोरालाही पाठ असते. ते अक्षर त्यांनीच बदलले हे सिद्ध करणारा कागद आज कोणी दाखवू शकत नाही. तरीही न्यायाधीशाने नवऱ्याला दिलेला दोष भाषेने बायकोच्या पदरात टाकला आणि त्याचा वाक्प्रचार करून टाकला. आनंदीबाई निष्पाप होत्या असे माझे म्हणणे नाही. त्या महत्त्वाकांक्षी होत्या, कारभारात लक्ष घालीत होत्या. कटाचा सुगावा त्यांना असणे अशक्य नाही. परंतु 'असेल' आणि 'होता' यांत एका माणसाच्या अब्रूइतके अंतर असते.

या प्रकरणाचा पुढचा भाग तर आपल्या दारातच घडला. बारभाईंच्या फौजा पाठीवर घेऊन राघोबा गुजरातेकडे निघाले तेव्हा गरोदर आनंदीबाईंना धारच्या किल्ल्यात राहावे लागले. इंदुराहून साठेक किलोमीटरवरच्या त्या किल्ल्यात १० जानेवारी १७७५ रोजी दुसऱ्या बाजीरावांचा जन्म झाला. खून झाला तेव्हा हे मूल जगात नव्हते. तरी त्याचे बाळपण नजरकैदेत गेले. १७८३ मध्ये बाप गेला, १७९४ मध्ये आई गेली, आणि पहाऱ्यातून सुटून ते १७९६ मध्ये थेट पेशव्यांच्या गादीवर बसले. पुढे १८०१ मध्ये याच बाजीरावांनी विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले, आणि १८०२ मध्ये यशवंतराव होळकर पुण्यावर चालून गेले. कोंडून वाढवले म्हणून ते असे झाले, असे गणित मांडणे धाडसाचे होईल. स्वभावाला शंभर कारणे असतात. पण बापाच्या गुन्ह्याची शिक्षा बाळंतिणीच्या खोलीपर्यंत नेल्याने राज्याचे काही भले झाले, असेही इतिहास सांगत नाही.

आता आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळाकडे येऊ. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला, आणि इंदूर दरबार सोडून गेलेल्या मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले. पकडलेले बहुतेक जण इंदूरचे; त्यांत दरबारच्या नोकरीतली वजनदार मराठी माणसे होती. दोघे फासावर गेले. चौकशी मंडळाला तोंड देण्याऐवजी तुकोजीराव महाराजांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडली. या प्रकरणाबद्दल वडीलधाऱ्यांकडून जे ऐकायला मिळे त्यात एक वाक्य हमखास असायचे : "नोकर माणसे ती, हुकमाची ताबेदार!" मी त्या वाक्यातली करुणा समजू शकतो. पण त्याच मोजमापाने दुसरीकडेही मोजायला नको का? दरमहा पगार घेणारा, हातात हत्यार असलेला, घोड्यावर बसणारा पुरुष 'नाही' म्हणू शकला नाही, याला आपण ताबेदारी म्हणतो. आणि जिच्या नावावर एक खोली नाही, जिच्या माहेरी भावजयीचे राज्य आहे, ती बाई बोलली नाही, तर त्याला सामील असणे म्हणतो. सरदाराला सबब, बायकोला दोष. हा कुठला न्याय?

यावर कोणी म्हणेल, आणि त्याचे म्हणणे खोटे नाही, की असे बोलून तुम्ही मेलेल्यांना विसरता. कोल्हापूरच्या अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली यांचे प्रकरण १९९६ मध्ये उघडकीस आले. लहान मुले पळवायची, चोरीच्या वेळी त्यांची ढाल करायची आणि अडचण झाली की मारून टाकायची, असे ते अमानुष काम होते. त्यांतल्या रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. दोघी बहिणींना फाशी झाली, ती २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली. या नवऱ्याला ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. त्याच्या साक्षीवाचून खटला लंगडा पडला असता हे खरे. पण तो पहिल्या मुलाच्या वेळी बोलला असता तर? ज्या आईचे मूल त्यानंतर गेले, तिच्यापुढे उभे राहून 'माहिती असणे म्हणजे अपराध नव्हे' असे म्हणायची छाती मला होणार नाही.

म्हणून मला रेघ ओढावीशी वाटते ती येथे. जे होऊन गेले त्याबद्दल जोडीदार गप्प राहिला, तर त्याला भित्रा म्हणा, मोहात पडलेला म्हणा. कायद्याने त्याला जी सवड दिली ती मनुष्यस्वभाव ओळखून दिली आहे. पण जे उद्या व्हायचे आहे ते ठाऊक असून, बोलायला वाट मोकळी असून, जो गप्प राहतो तो वाटेकरी झाला. मग तो नवरा असो की बायको. आणि ज्याला ठाऊकच नव्हते त्याला ठाऊक असायला हवे होते, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. माणसे आपले सर्वांत काळे रूप नेमके घराबाहेर ठेवून घरात येतात. वीस वर्षे शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याला जे दिसले नाही, आईला दिसले नाही, ते बायकोला दिसलेच पाहिजे हा हट्ट कशासाठी?

या रेघेतले तीन शब्द मात्र आपल्याला सुखाने झोपू देणार नाहीत : 'वाट मोकळी असून'. ती वाट मोकळी ठेवायची कोणी? नवऱ्याच्या कपड्यावर रक्ताचा डाग पाहिलेली बाई जायची कुठे? माहेरी गेली तर "पदरात घे, संसार मोडू नको" असे सांगणारे आपणच. पोलिसांत गेली तर "नवऱ्याला फासावर चढवायला निघाली" म्हणणारे आपणच. आणि गेली नाही, तर "कळले कसे नाही?" हे विचारणारेही आपणच. तिन्ही दारांवर कुलूप लावून, ही बाहेर का आली नाही म्हणून आपण आश्चर्य करतो. पुढे तिच्या मुलीला स्थळ आले की "त्यांच्यातली ना?" एवढे कुजबुजून धारच्या किल्ल्याचा पहारा आपण पुन्हा बसवतो. अशा समाजात कोणती शहाणी बाई तोंड उघडील? तिचे मौन हे पुष्कळ वेळा तिच्या मनाचे नसते, आपल्या आळीचे असते.

सात रांजण भरायला बरीच वर्षे लागली असतील. तेवढ्या काळात वाल्याच्या वस्तीत शेजारी नव्हते काय? कथेत त्यांना कोणी काही विचारले नाही म्हणून ते सुटले. आपल्या शहरात यापुढे असे काही घडले, तर त्या घरच्या बाईला "तुला कळले कसे नाही" असे विचारण्यापूर्वी, कळले असते तर तिने कोणाच्या दारात यावे असे आपण ठेवले होते, याचे उत्तर प्रत्येक घराने आधी स्वतःशी द्यावे. ज्याला ते देता येईल त्याने मग खुशाल तिला जाब विचारावा.