गोड वासाची कैफियत

गोड वासाचे सेंट लावणे म्हणजे अभिरुचीचा अभाव, असे आमच्या कॉलेजात एक अलिखित मत आहे. मोगरा चालतो, वाळा तर फारच चालतो, पण कोणी फळांचा आणि साखरेचा वास घेऊन वर्गात आली, की मागच्या बाकावरून "आली चॉकलेटची गोळी!" असे ऐकू येते. या मताला माझा विरोध आहे.

'एंजल' हे सेंट घ्या. तिएरी म्यूग्लेर या फ्रेंच वेशभूषाकाराच्या नावाने ते १९९२ साली निघाले. ऑलिव्हिए क्रेस्प यांनी त्यात एथिल माल्टॉल सढळ हाताने घातले. जत्रेतल्या 'बुढ्ढी के बाल'चा वास आठवा, तोच हा.

मामीने दिलेल्या बाटलीतले दोन थेंब मी सकाळी नऊला मनगटावर लावते. आधी संत्र्याच्या सालीसारखा तजेला येतो. पण हलके रेणू लवकर उडतात, त्यामुळे तो दहा मिनिटांत संपतो. मग जर्दाळू, मध, चॉकलेट. एप्रिलच्या उन्हात हा भाग मलादेखील जड जातो, भरलेल्या एस.टी.त तर शेजारणीची क्षमाच मागावी! म्हणजे निंदक खरे बोलतात, पण अकरा वाजेपर्यंतच.

दुपारनंतर साखरेखालून ओल्या मातीचा, जुन्या लाकडी पेटीचा कडवट वास वर येऊ लागतो. ही पॅचौली, आपल्याकडे वेणीत अबोलीबरोबर गुंफतात त्या पाचेच्या कुळातली. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून युरोपात जाणाऱ्या शालींना कसर लागू नये म्हणून त्यांच्या घड्यांत हिचीच वाळलेली पाने घालीत. तिकडच्या बायकांना मग तो वासच अस्सल शालीची खूण वाटू लागला. साखरही चिवट असते, ती जात नाही. दोघींचे भांडण संध्याकाळपर्यंत चालते, आणि मला या सेंटाची खरी गंमत त्यातच वाटते. दुसऱ्या दिवशी माझ्या ओढणीची घडी घालताना आजीने विचारले, "पाच कुठून आणलीस गं?"

दुकानात मात्र कागदाची पट्टी नाकाशी धरून आपण मिनिटभरात निकाल देतो. कागदाला ना अंगाची ऊब, ना संध्याकाळ.

कोणी म्हणेल, 'एंजल' महाग आहे. स्वस्त सेंटात पाच कुठली, शेवटी नुसती साखर उरते. कबूल. पण हसू वाट्याला येते ते बहुधा गावाहून आलेल्या, साठवलेल्या पैशांतून पहिली बाटली घेणाऱ्या मुलीच्या. तिला दिवसभर साखरच आवडत असेल तर बिघडले कुठे? पेढा खाणाऱ्याची अभिरुची आपण कधी काढतो का?

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी सकाळी माझ्याकडून दोन थेंब न्यावेत आणि मत संध्याकाळी सांगावे. मी साडेपाचपर्यंत ग्रंथालयात असते.