चप्पल पायातून निसटते का?

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात गुलेन-बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण एकापाठोपाठ एक दाखल होऊ लागले तेव्हा बहुतेक पुणेकरांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा हा आजार. महिना-दीड महिन्यात पुणे परिसरातल्या संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या घरात गेला. किरकटवाडी, नांदोशी, नांदेड गाव, धायरी या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात ते सर्वाधिक होते. काही जण दगावले, अनेक जण व्हेंटिलेटरवर गेले.

या दुर्मिळ आजाराची सुरुवात अगदी रोजच्या दुखण्यातून झाली होती. अनेक रुग्णांना आधी जुलाब झाले होते. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत राष्ट्रीय विषाणू संस्थेला कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला. दूषित पाण्यातून किंवा अर्धवट शिजलेल्या चिकनमधून तो पोटात जातो, चार-पाच दिवस त्रास देतो आणि बहुतेक माणसं औषधाशिवायही बरी होतात. क्वचित एखाद्याच्या बाबतीत मात्र विपरीत घडतं. या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणाची रचना आपल्या मज्जातंतूंवरच्या काही रेणूंशी मिळतीजुळती असते. जिवाणूवर सोडलेली प्रतिपिंडं मग आपल्याच मज्जातंतूंवर तुटून पडतात. विजेच्या तारेचं वेष्टण सोलून निघावं तसं मज्जातंतूंचं आवरण खराब होतं, कधी आतला तंतूही दुखावतो, आणि मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही. हे सारं होतं ते जुलाब थांबल्यावर, आठवडा-दोन आठवड्यांनी. तोवर घरातले सगळे ते जुलाब विसरलेले असतात.

माझ्या ओळखीच्या एक मेंदूविकारतज्ज्ञ आहेत. हातापायांत त्राण नाही असं सांगत आलेल्या रुग्णाला त्या काय विचारतात, हे मी लक्ष देऊन ऐकलं आहे. चालताना चप्पल पायातून निसटते का? जमिनीवर मांडी घालून बसलात तर हाताचा आधार न घेता उठता येतं का? जिना चढता येतो का? फळीवरचा डबा काढता येतो का? भाकरी मोडता येते का, शर्टाची बटणं लागतात का? चूळ भरताना पाणी ओठांच्या कोपऱ्यातून गळतं का? या प्रत्येक प्रश्नामागे स्नायूंचा एकेक गट आहे. मग त्या एका श्वासात मोठ्यानं आकडे म्हणायला सांगतात. कालपर्यंत तीसपर्यंत जाणारा रुग्ण आज पंधरावर थांबला, तर छातीचे स्नायू थकत चालले आहेत. मान उशीवरून उचलता येत नसेल तर तीही धोक्याची खूण. गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही, हे जीबीएसचं जुनं लक्षण. 1916 मध्ये गुलेन, बॅरे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये ते नोंदवलं होतं. पाठीच्या कण्यातल्या पाण्यात प्रथिनं वाढलेली पण पेशी वाढलेल्या नाहीत, हेही त्यांनीच दाखवलं आणि तो तपास आजही होतो.

हातापायांतली ताकद जाणं हे लक्षण डझनभर आजारांत असतं. त्यांच्यातला फरक कळतो तो ताकद कुठून कुठे गेली आणि किती वेगानं गेली यावरून. शरीराची एकच बाजू अचानक लुळी पडली तर मेंदूतल्या झटक्याची शंका घेतात. मधुमेहात किंवा बी-12 कमी असताना मुंग्या येतात, पण ते महिनोन् महिने चाललेलं असतं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, कित्येकदा खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटू लागतात आणि लुळेपणा वरून खाली उतरतो. जीबीएस बहुधा खालून वर चढतो, दोन्ही पायांत एकाच वेळी, दिवसागणिक. पाठही दुखते, म्हणून कोणी मालिश करून घेतं. जुलाबानंतर अशक्तपणा यायचाच, असं म्हणून सलाइन लावलं जातं. तेवढ्यात तीन-चार दिवस निघून जातात, आणि ते दिवस फार मोलाचे असतात.

कारण या आजारावर उपचार आहे. इम्युनोग्लोब्युलिन पाच दिवस शिरेतून देतात किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलतात. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केलं तर फायदा जास्त. साठ किलोच्या माणसाला इम्युनोग्लोब्युलिनच्या पाच ग्रॅमच्या चोवीस बाटल्या लागतात आणि खर्च लाखांत जातो. स्टेरॉइडच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. वेळेवर उपचार मिळालेले बहुतेक रुग्ण काही महिन्यांत पुन्हा आधाराशिवाय चालू लागतात. मात्र त्यासाठी फिजिओथेरपी नेटानं करावी लागते, आणि घरच्यांनाही धीर धरावा लागतो.

मला राग येतो तो पाण्याचा. किरकटवाडी, नांदोशी, नांदेड ही गावं 2021 मध्ये पुणे महापालिकेत आली. शुद्ध पाणी मात्र त्यांच्यासोबत आलं नाही. विहिरीच्या पाण्यात नुसतं क्लोरीन टाकून ते घराघरांत सोडलं जात होतं, आणि ते लोक पीत होते. खडकवासला धरण तिथून हाकेच्या अंतरावर आहे. शहराची हद्द वाढवताना आधी शुद्धीकरण प्रकल्प आणि मगच बांधकाम परवानग्या, हा क्रम महापालिकेनं पाळलाच पाहिजे.

आणि वाचकहो, तुमच्या हातातलं एवढं करा. पाण्याची शंका असेल तर ते खळखळून उकळा, कॅम्पिलोबॅक्टर त्यानं मरतो. कोंबडी नीट शिजवा. दोन्ही पायांत मुंग्या येऊन ताकद रोज कमी होत असेल, गिळताना ठसका लागत असेल किंवा दम लागत असेल, तर सकाळची वाट न पाहता मोठं रुग्णालय गाठा. आणि डॉक्टरांना, ते विचारोत न विचारोत, गेल्या महिन्याभरात जुलाब किंवा ताप झाला होता हे आधी सांगा.