आधी बोट कलवून दाखवा!

वादळात बोट बुडाली की सरकारी निवेदन तयारच असते: इशारा दिला होता, बोटी परतल्या नाहीत. दोष वाऱ्याचा, नाहीतर मेलेल्याचा! ती बोट त्या समुद्राच्या लायकीची होती का, हे कोण विचारणार? ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ चक्रीवादळाने कोकणच्या मच्छीमारांना तडाखा दिला. तेव्हापासून हा प्रश्न उत्तराची वाट पाहतो आहे.

किनाऱ्यालगतची मासळी आटली, म्हणून नाखवा खोल समुद्रात निघाला. बोट मात्र जुनीच. केबिन उंच केली, छपरावर जाळ्यांचा ढीग रचला. दरवेळी वजन वर सरकले आणि कललेली बोट पुन्हा सरळ होण्याची ताकद घटली. डेकवर लाट चढली आणि कठड्याच्या तळची भोके अपुरी असली, किंवा मासळी वाहून जाऊ नये म्हणून कोणी ती फळीने बुजवली असली, तर सारे पाणी कललेल्या बाजूलाच धावते. तेवढ्यात मागच्या लाटेने बोट आडवी फिरवली की खलाशाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

दर्याला पुरून उरणारा तळ घडवणारे हात आपल्याकडे नाहीत, असे कोणी म्हणू नये. ‘सुहेली’ ही अवघी ३२ फुटांची शिडाची नौका. आराखडा परदेशी, पण सागवान घडवले ते मुंबईच्या सुतारांनी, वाकस-सामत्याने. लांब खोल कील (तळाचा कणा), तळाशी जड वजन आणि मागची बाजूही नाळेसारखी निमुळती, म्हणजे पाठीवर येणारी लाट दुभंगावी. दक्षिणेच्या महासागरात लाटेने तिला आडवी केली, केबिन जागची हलली. तरी ती उठली. तिच्यातूनच रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन २२ एप्रिल १९६९ रोजी एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारा पहिला माणूस ठरला.

मासेमारीला तसली कील परवडणार नाही, मान्य. पण परीक्षा तर परवडेल! बोट नेहमीच्या भारानिशी शांत पाण्यात डोलवा आणि घड्याळ लावा. एका पूर्ण झोक्याला लागणारे सेकंद बोटीच्या रुंदीच्या मीटरांपेक्षा जास्त भरले, तर धोका आहे. ज्या संथ झोक्याला खलाशी सुखाचा समजतात, तोच घातकी! मासेमारी नौकांच्या सुरक्षिततेचा २०१२ चा केपटाऊन करार २४ मीटरांपासून पुढच्या नौकांपुरता आहे. आपल्या बहुतेक बोटी त्याहून आखूड. म्हणजे हे काम आपल्याच सरकारचे.

मत्स्यव्यवसाय खात्याने आणि मेरीटाइम बोर्डाने आता कागद बाजूला ठेवून बंदरात उतरावे. पावसाळी बंदी उठताच, पहिल्या फेरीआधी, खोल समुद्रात जाणारी प्रत्येक बोट भारासह डोलवून, कलवून पाहावी आणि दाखला तांडेलाच्या हाती द्यावा. नापास बोट धक्क्यावरच थांबवा. मालकाला दंड नको. केबिन उतरवायला, भोके मोठी करायला, तळाशी वजन बसवायला पैसे द्या. बुडाल्यावर वारसांना धनादेश देता, त्याआधी द्या!