तंबू घ्यावा तो किती जणांचा?

नागपूरचा उन्हाळा तंबूत राहू देत नाही आणि चातुर्मासात अनेक श्रावक प्रवास मर्यादित ठेवतात. त्यामुळे जरीपटक्यातील कुटुंबांना मोकळ्यावरील मुक्कामासाठी उरतात ते हिवाळ्याचे तीन महिने. रामटेकला भगवान शांतिनाथांचे दर्शन, खिंडसी तलावाचा परिसर आणि परवानगी असलेल्या जागी एखादी रात्र तंबूत, असा बेत घरातील तरुण मंडळी आखतात. मग तंबूची खरेदी निघते आणि माप, दर्जा व दाम यांचा मेळ घालण्याचा प्रश्न उभा राहतो.

प्रथम माप. वेष्टनावरील ‘चार जणांचा’ हा शब्द फसवा असतो. त्यात माणशी साधारण 60 सेंटिमीटर रुंदी धरलेली असते. 240 बाय 210 सेंटिमीटरचा तंबू म्हणजे जेमतेम 54 चौरस फूट. त्यात चार माणसे खांद्याला खांदा लावून निजतील. पिशव्या, पांघरुणे बाहेर राहतील. म्हणून माणसांच्या संख्येत दोन मिळवून तंबू निवडावा. उंचीचा विचार तर त्याहून महत्त्वाचा. सुमारे 130 सेंटिमीटर उंचीच्या तंबूत रांगतच शिरावे लागते. गुडघे दुखणाऱ्या आजीला ते जमत नाही, आणि कुणी काही न बोलताच ती पुढच्या सहलीला घरी राहते. उभे राहता येईल असा तंबू महाग आणि जड असतो. पण कुटुंबाचा तंबू म्हणायचे, तर तो सर्वांना सामावणारा असावा.

दर्जा पाहताना कापडाचा जलरोध मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. पाण्याचा किती उंच स्तंभ कापड झिरपू न देता सहन करते, त्याचे ते माप. हिवाळी मुक्कामाला छतासाठी 1500 ते 2000 पुरेसे. तळ मात्र अधिक पक्का असावा, कारण त्यावर अंगाचा भार पडतो. येथे पावसापेक्षा दव अधिक त्रास देते. श्वासातील बाष्प थंड कापडावर साचून थेंब पडतात. म्हणून दुहेरी कापड आणि हवा खेळती ठेवणाऱ्या जाळीच्या खिडक्या हव्यात. फायबर ग्लासच्या काठ्या स्वस्त, पण चिरतात. ॲल्युमिनियमच्या हलक्या, टिकाऊ आणि महाग. दुकानात तंबू उभारून दाखवण्यास सांगावे. शिवणीवरील पट्टी आणि चेन स्वतः तपासावी.

आता दाम. समजा, तंबू 12,000 रुपयांचा आहे आणि भाड्याने तसाच तंबू रात्रीला 600 रुपयांत मिळतो. म्हणजे वीस रात्री वापरला, तरच खरेदीची किंमत वसूल होते. वर्षाला दोन रात्री जाणाऱ्या कुटुंबाला त्यासाठी दहा वर्षे लागतील. तोवर कापड टिकेलच असे नाही. अशांनी भाड्याने घ्यावा, किंवा दोन-तीन कुटुंबांनी मिळून एक घ्यावा.

आपल्या घरांसाठी आणखी एक कसोटी आहे. डिसेंबरच्या आरंभी नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. त्याआधी तंबू उभारून भोजनही आटोपायचे, तर उभारणी सोपी हवी. निघण्यापूर्वी गच्चीवर एकदा सराव करावा. जागा निरखून, मुंग्यांची वारुळे टाळून तंबू ठोकावा. बारीक जाळी असली की कीटक मारण्याची वेळच येत नाही. थंडी कितीही असो, शेगडी तंबूत कधीही नेऊ नये. बंद जागेतील विषारी वायू झोपेतच प्राण घेतो.

परिग्रह-परिमाणाचे व्रत केवळ सोने-जमिनीपुरते नाही. वर्षानुवर्षे माळ्यावर पडून राहणारा तंबू हाही परिग्रहच. आणि आजीसह सारे घर ज्यात सुखाने निजते, तो भाड्याचा असला तरी आपलाच.